गाडगेबाबांचा हिशेब



पळसदरी, कर्जत, खालापूर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत पैसा आला आणि गेलाही. जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊसे उभी राहिली. खोपोलीच्या कारखान्यांत आपल्या पोरांना रोज मिळाला. पण लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद आठवा. मटण, दारू, रात्रभर वाजणारा डीजे, आणि त्यासाठी काढलेले कर्ज. आपण धम्म घेतला, घरातले देव विसर्जित केले, परंतु ही हळद मात्र घरातच राहिली. म्हणून आज तुम्हांला एका अशा माणसाचे चरित्र सांगतो, ज्याच्या हातून लाखो रुपये गेले आणि ज्याच्या जवळ एक फुटके गाडगे तेवढे होते.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले, त्यातच घर धुऊन निघाले आणि देबू लहान असतानाच ते वारले. आई सखूबाईने पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळचे दापुरे हे माहेर गाठले. तेथे देबूने गुरे राखली, नांगर धरला, मामाची शेती पिकवली. शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. पुढे ती शेती सावकाराच्या घशात गेली. घरात कोणाला कागद वाचता येत नव्हता. सावकाराने काय लिहिले आहे आणि किती फिटले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. दारूने बाप नेला, कर्जाने शेत नेले आणि अज्ञानामुळे या दोन्ही गोष्टी घडताना कोणाला थांबवता आल्या नाहीत. बाबांनी पुढे आयुष्यभर जे सांगितले, त्याचे मूळ येथे आहे.

देबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली, बारसे आले. जातीची रीत अशी की बारशाला बकरे कापायचे आणि दारू पाजायची. देबूजीने साधे गोडधोड केले. भाऊबंद नाराज झाले, कुरकुर झाली. देबूजीने कोणाशी भांडण केले नाही, पंक्तीत गोड वाढले आणि रीत मोडली. हळदीचा खर्च टाळला तर लोक काय म्हणतील, अशी चिंता करणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे बारसे लक्षात ठेवावे. हा माणूस तेव्हा संत नव्हता. तुमच्या-माझ्यासारखा संसारी, कष्टकरी बाप होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या शिवून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. डोक्यावर तेच गाडगे, आणि जेवायलाही तेच. लोकांनी फेकलेल्या वस्तूंतून त्यांनी आपला वेष केला. गावात शिरले की कोणाला न विचारता गटारे व रस्ते झाडू लागत. काम केल्यावरच भाकरी मागत. दिवसा गावाची घाण काढायची आणि रात्री कीर्तनातून मनाची, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या कीर्तनाला साजसरंजाम लागत नसे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे लोकांच्याच तोंडून काढीत. दगडाच्या देवाला बकरे का लागते? सण करायला सावकार का लागतो? लोक हसत, मग गप्प होत, मग विचार करीत. ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, स्वस्त लुगडे नेसा, पण मुलाला शाळेत घाला, असे ते सांगत. कोणी पाया पडायला आला तर त्याला पिटाळून लावत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. नावाचा अर्थच ऋणातून सुटका. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. बाबांनी तेथे लोकांकडून श्रम आणि वर्गणी घेऊन घाट बांधला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात आपल्या माणसांना कोणी ओसरीवर उभे करीत नसे. तेथे १९२० च्या सुमारास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. लोकांनी दिलेला पैसा लोकांच्या इमारतीत गेला. त्या इमारती विश्वस्तांच्या हवाली झाल्या, आणि बाबा पुन्हा खराटा घेऊन पुढच्या गावी निघाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा एकमेकांवर फार जीव होता. एक जगातील थोर विद्यापीठांत शिकलेले, दुसरे अक्षरशत्रू. पण आपल्या मुलांनी शिकले पाहिजे, यावर दोघांचे एकमत. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची ती धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यातून विद्यार्थ्यांचा निवारा झाला. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडला काढलेल्या कॉलेजला गाडगेबाबांचेच नाव दिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गाडगेबाबा बौद्ध झाले नव्हते. त्यांच्या कीर्तनात गोपाळाचा गजर असे. तो गजर आपला नाही. पण त्यांचा हिशेब आपल्या धम्माशी जुळतो. तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला उपदेश केला, तो दीघनिकायात आहे. मद्य, अवेळी भटकणे, तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस या सहा वाटांनी संपत्ती नष्ट होते, असे त्यात सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला, एक अडचणीसाठी शिल्लक, असेही त्यात आहे. हळदीला किंवा दारूला त्या चारांत भाग नाही. आपण पंचशील म्हणतो, त्यातले पाचवे शील दारूचेच आहे, आणि ते विहाराच्या दारापाशी संपत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. गाडगेबाबांनी त्याचा फार धक्का घेतला. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचाही प्राण गेला. त्यांच्या नावे घर नव्हते, शेत नव्हते.

आज आपल्यातल्या कोणाला कर्करोग झाला तर आपण पळसदरीहून गाडीत बसून कर्जतमार्गे मुंबई गाठतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना थोड्या पैशांत आसरा देते. ज्याने स्वतःसाठी काही ठेवले नाही, त्याच्या नावाच्या छपराखाली आज अनोळखी माणसे झोपतात.

तेव्हा पुढचे लग्न ठरेल त्या दिवशी घरातल्या सर्वांनी, बायका-मुलींनीसुद्धा, एकत्र बसून कागदावर खर्च मांडा. कर्ज काढून होणारी प्रत्येक बाब खोडा. खोडलेल्या रकमेतून मुलीच्या बारावीची फी भरा, किंवा वस्तीत पुस्तकांचे एक कपाट करा. वस्तीतल्या एका घराने सुरुवात केली तर दुसऱ्याला धीर येतो. आणि त्या दिवशी सकाळी खराटा घेऊन आपली गल्ली झाडा. निमंत्रणाची वाट पाहू नका; बाबांनीही कधी पाहिली नाही.

जय भीम!