शाळेने बंदी घातलेली लिपी

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे सिमों-रने ब्रेल हा कारागीर घोड्यांची खोगिरे आणि साज शिवून संसार चालवीत असे. ४ जानेवारी १८०९ रोजी त्याच्या घरी चौथे अपत्य जन्मले, तेच लुई ब्रेल. तीन वर्षांचा लुई एके दिवशी वडिलांच्या कामाच्या खोलीत चामडे आणि आरी घेऊन खेळत बसला असता आरी निसटून त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाचव्या वर्षी त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी गरीब घरच्या अंध मुलाच्या नशिबी बहुधा भीकच असे. लुईच्या आईवडिलांना ते मान्य नव्हते. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवले. गावच्या शाळेत तो डोळस मुलांच्या शेजारी बसून ऐकून ऐकून शिकला. १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या शाही अंधशाळेत दाखल झाला.

शाळेची इमारत जुनी आणि ओलसर होती. संस्थापक आउई यांनी जाड कागदावर रोमन अक्षरे उठावाने छापून पुस्तके केली होती. अंधांना वाचता येते हे त्यांनी जगाला दाखवले, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ती अक्षरे मुळात डोळ्यांसाठी घडलेली. बोटाने एकेक वळण चाचपत जावे लागे, पुस्तके अवजड होत, आणि मुख्य म्हणजे त्या अक्षरांत अंध मुलाला स्वतः काहीच लिहिता येत नसे.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी सैनिकी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लेखनपद्धती शाळेत आली. तिच्यात एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत, ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसत. शिवाय ती उच्चारांवर आधारलेली, म्हणून शुद्धलेखन, विरामचिन्हे व अंक यांची सोय नव्हती. लुईने बाराचे सहा केले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकी तीन ठिपके. त्यांतून ६३ चिन्हे होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांत बसवली आणि पुढच्या दहांसाठी त्याच आकृत्यांना खालचा एक ठिपका जोडला. इतका सरळ हिशेब! १८२४ मध्ये हे काम बहुतांशी पुरे झाले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये पुस्तक निघाले; त्यात संगीतलेखनाचीही पद्धत होती. लुई स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे.

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. मुले ठिपक्यांत टिपणे काढू लागली. संचालक पिन्ये यांचा पाठिंबा होता. पण १८४० मध्ये त्यांना जावे लागले आणि द्युफो संचालक झाले. त्यांनी ठिपक्यांना मनाई केली. डोळसांहून निराळी लिपी वापरली तर अंध माणूस समाजापासून तुटेल, असा तो पक्ष होता. हा विचार दुष्टपणाचा म्हणता येणार नाही. मात्र तो ठरवताना ज्यांच्या बोटांनी वाचायचे त्यांना कोणी विचारले नाही. (आजही एखाद्या इमारतीला उतार बांधताना चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कितीदा विचारतात?) जुनी पुस्तके जाळली गेली असे सांगतात. मुले मात्र हाती लागेल त्या टोकदार वस्तूने चोरून ठिपके टोचीतच राहिली.

लुई तेव्हा क्षयाने खंगत होता. भांडण त्याच्या स्वभावात नव्हते. अखेर द्युफो यांचे सहायक ग्वादे यांनीच त्यांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनात सर्वांसमक्ष ब्रेल पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले आणि बंदी संपली. ६ जानेवारी १८५२ रोजी लुई वारला. वय ४३. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १९५२ मध्ये त्याचे अवशेष मोठ्या सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यात आले. हात तेवढे कूव्रेच्या दफनभूमीत राहिले.

बंदी घातलेली ही लिपी आज कायद्याच्या कलमात आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने संपर्काच्या साधनांच्या व्याख्येत ब्रेलचे नाव घेतले आहे. अंधांसाठी पुस्तके वाचनीय रूपात आणताना स्वामित्वहक्काची आडकाठी येऊ नये म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. तो सर्वांत आधी, २०१४ मध्ये, भारताने मान्य केला.

त्याआधी भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ मध्ये त्या एकत्र करून भारती ब्रेल ठरवण्यात आले. आपल्या या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग दोन लिपींत छापले जातात. एका विभागाचा वाचक दुसऱ्याची पाने बहुधा नुसती उलटतो. भारती ब्रेलमध्ये मराठीचा क आणि कन्नडचा क बोटाखाली एकच लागतो: डाव्या रांगेतला वरचा ठिपका आणि खालचा ठिपका.