मेणबत्ती विझवणारा गॅस

एप्रिल 1930. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात रसायनशास्त्रज्ञांची बैठक भरली होती. थॉमस मिजली या अभियंत्याने सर्वांसमोर एक रंगहीन गॅस छातीभर ओढून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत उभा. गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दोन्ही एकाच फुंकरीत दाखवून झाले. आपल्या खोलीतल्या एसीची कथा या गॅसपासून सुरू होते.

मिजलीचा जन्म 18 मे 1889 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स इथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून 1911 मध्ये त्याने पदवी घेतली ती यंत्र अभियांत्रिकीची; नाव मात्र काढले रसायनशास्त्रात. 1916 मध्ये तो डेटन शहरी चार्ल्स केटरिंग या संशोधकाच्या हाताखाली कामाला लागला. त्या काळी मोटारीच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके बसत, ताकद कमी होई. त्यावर उपाय शोधताना त्याने नाना पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. टेल्युरियमची संयुगे लागू पडली, पण त्यांची दुर्गंधी अंगाला अशी चिकटे की माणसांत बसणे मुश्कील. अखेर 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग हाती लागले: टेट्राइथाइल लेड.

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली आणि 1923 च्या आरंभी तो काम थांबवून फ्लोरिडात विश्रांतीला गेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यावर मिजलीने पत्रकार बोलावले, ते द्रव हातावर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. शिसे शरीरात साचत जाते. मिनिटभराच्या हुंगण्याने काहीच सिद्ध होत नाही. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाला हे कळत नव्हते, असे मानणे मला तरी जड जाते. शिसेयुक्त पेट्रोल भारतात 2000 साली बंद झाले. तोवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या रक्तात शिसे जात राहिले.

गॅसची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे हेतूत खोट काढता येत नाही.

1920 च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड भरलेले असे. पहिले दोन नाकाला झोंबून निदान सावध तरी करत. मिथाइल क्लोराइडचा वास मंद, गोडसर; रात्री गळती झाली की झोपेतली माणसे उठतच नसत. त्यामुळे लोक फ्रिज व्हरांड्यात ठेवू लागले. 1928 मध्ये केटरिंगने मिजलीला काम दिले: न पेटणारा, विषारी नसलेला आणि गारवा देणारा गॅस शोध. आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनरी हे सहकारी घेऊन मिजलीने मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर मांडली आणि त्याचे बोट फ्लोरीनवर थांबले. फ्लोरीन म्हणजे विष अशी सार्वत्रिक समजूत होती. कार्बनशी घट्ट बांधलेले फ्लोरीन तसे वागणार नाही, असा त्याचा तर्क होता. तीन दिवसांत पहिला नमुना तयार झाला. पुढे याच घराण्यातला गॅस फ्रिऑन-12 किंवा आर-12 नावाने जगभर गेला.

त्या नमुन्याच्या चाचणीत नशिबाचाही वाटा होता. गॅस बनवायला लागणाऱ्या अँटिमनीच्या क्षाराच्या पाच बाटल्या मागवल्या होत्या. पहिल्या बाटलीपासून केलेल्या गॅसमध्ये ठेवलेला गिनीपिग मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीपासून केलेल्या गॅसने तो मेला. पाचांपैकी चार बाटल्यांतला माल अशुद्ध होता आणि त्यातून फॉस्जीन हा जहाल वायू तयार झाला होता. सुरुवातीलाच अशुद्ध बाटली हाती आली असती, तर बहुधा तो नाद तिथेच सुटला असता. एसी दुरुस्त करणाऱ्यांनी हे फॉस्जीन लक्षात ठेवावे. नळीत आर-22 शिल्लक असताना तिला गॅसवेल्डिंगची ज्योत लावली, तर त्याचे विघटन होऊन अॅसिडची वाफ आणि थोडे फॉस्जीनही बनू शकते. म्हणून आधी गॅस काढून घ्यायचा, खिडक्या उघडायच्या, मग ज्योत.

मिजलीचा शेवट करुण झाला. 1940 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओने गाठले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतःच तयार केली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेला. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

आर-12 कशाशीही झटकन संयोग पावत नाही, म्हणून तो घरात निर्धोक. त्याच कारणाने हवेत गेल्यावर तो शंभरेक वर्षे टिकतो. 1974 मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की हे रेणू उंच वातावरणात पोहोचतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेले क्लोरीन ओझोन खात सुटते. ओझोन विरळ झाला की अतिनील किरण जास्त पोहोचतात. त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची घट उघड झाली, 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. मिजलीने गॅस तपासला तो खोलीतल्या माणसासाठी. खोलीबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न 1930 मध्ये कुणाच्याच डोक्यात नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या एसीत असतो तो आर-22 त्याच घराण्यातला. ओझोनला त्याचा धोका कमी, पण आहे. शिवाय वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट भारी. तरीही एसी हलवताना नट सैल करून गॅस सरळ हवेत सोडणारे कारागीर सर्रास दिसतात. खरे तर स्प्लिट एसी चालू स्थितीत असेल, तर तो काढण्यापूर्वी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करता येतो.

आणि दरवर्षी गॅस भरायचा, हा समज मुळातच चुकीचा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी सांध्यांना साबणाचे पाणी लावून फुगे बघायचे, गळती बुजवायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, मगच काट्यावर मोजून गॅस भरायचा.

नव्या एसींमध्ये आर-32 असतो, काहींत आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन. दोन्ही ओझोनला निर्धोक, तापवण्यातही आर-22 पेक्षा सौम्य. पण आर-32 थोडा आणि प्रोपेन चांगलाच पेटतो. मिजलीने 1928 मध्ये जो दोष घालवला, तो आपण जाणूनबुजून परत घेतला आहे. म्हणून एसीत कोणता गॅस आहे, हे युनिटवरच्या पट्टीवर वाचल्याशिवाय कारागिराला हात लावू देऊ नये. किती ग्रॅम भरायचा, तेही त्याच पट्टीवर छापलेले असते.