दासोपंतांचा तो महिना

चिंता करू नका, हे सांगणे फार सोपे. आम्हीही कीर्तनात सांगतो, अन् घरी येऊन देण्याच्या तारखा मोजतो! म्हणून आज आंबेजोगाईच्या दासोपंतांचे स्मरण करू.

शके १४७३ (इ. स. १५५१) मध्ये नारायणपेठेस त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत देशपांडे. बेदरच्या बादशाहीची सारावसुली त्यांच्याकडे. दुष्काळ पडला, सारा थकला. चरित्रकार सांगतात, बादशहाने पोरास ओलीस ठेविले. महिन्यात रक्कम भरली नाही तर पोराचा धर्म जाणार!

तिकडे आईबापांना घास गिळवेना. इकडे पोर रोजच्या खर्चास मिळे ते द्रव्य दान करी आणि दत्तात्रेयाची उपासना चुकू देत नसे. त्याला भय नव्हते असे आम्ही म्हणणार नाही, पोरच ते! पण दिवस मोजीत बसण्याऐवजी त्याने रोजची पूजा धरून ठेविली. शेवटल्या दिवशी दत्ताजी पाडेवार म्हणून एकाने येऊन पैसा भरला. ते साक्षात दत्तप्रभू, ही श्रद्धा. श्रोते तेथे टाळी देतात. आमचे मन मात्र आधीच्या दिवसांपाशीच अडते.

सुटका झाली, आणि पुढे पंतांनी घरच सोडिले. माहूर, राक्षसभुवन करीत आंबेजोगाईस स्थिरावले. नाथपंचकात त्यांची गणना होते. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या, कापडाच्या पासोडीवर पंचीकरण मांडले. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस आंबेजोगाईसच देह ठेविला.