डॉ. रखमाबाई : मिशनच्या ग्रंथालयातून सुरतेच्या रुग्णालयात

ग्रंथालयातून नेलेले पुस्तक कोणत्या तारखेस परत आले, याची नोंद देवघेवीच्या वहीत होते. त्या पुस्तकाने वाचकाच्या आयुष्यात काय घडवले, याची नोंद मात्र कोठेही राहत नाही. डॉ. रखमाबाई यांचे चरित्र ही उणीव काही अंशी भरून काढते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच निवर्तले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. परंतु त्यांच्या सुतार ज्ञातीत पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. यथावकाश त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या व्यासंगी वैद्यकतज्ज्ञाशी झाला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या. शिक्षण घरातच करावे लागले, आणि तेथे त्यांना आधार मिळाला तो पुस्तकांचा.

ही पुस्तके येत होती फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून. ख्रिस्ती मिशनांचे मुंबईतील कार्य उपदेशापुरते मर्यादित नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्येच मुंबईत मुलींची शाळा काढली होती. पुढे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही मुलींच्या शिक्षणाचे काम नेटाने चालविले. धर्मांतराच्या भयाने अनेक कुटुंबे मिशनपासून चार पावले दूर राहत, आणि हे भय अगदीच निराधार नव्हते. सखाराम अर्जुनांच्या घराने मात्र मिशनच्या ग्रंथालयाचा लाभ घेतला. याच घरातील मायलेकी प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांनाही नियमाने जात. रखमाबाईंनी धर्म बदलला नाही. मिशनच्या कपाटातील ग्रंथांनी त्यांना स्वतः विचार करण्याचे बळ दिले.

त्या बळाची कसोटी लवकरच लागली. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. आदल्याच काही महिन्यांत सखाराम अर्जुन यांचे निधन झाले होते. त्याच वर्षी रखमाबाईंनी टोपण नावाने इंग्रजी वृत्तपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी मात्र नांदावयास जाण्याचा, न गेल्यास सहा महिन्यांच्या कारावासाचा हुकूम दिला. अजाणतेपणी लावलेले लग्न मान्य करण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. लोकमान्यांसारख्या धुरीणांनीही त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. हाच वाद पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या पार्श्वभूमीचा एक भाग ठरला.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठीच्या लंडन वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये वैद्यकाची पात्रता मिळवून त्या स्वदेशी परतल्या. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊनही व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच कालवश झाल्या होत्या. तो अपुरा राहिलेला मार्ग रखमाबाईंनी पुढे नेला.

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. लंडन मिशनरी सोसायटीने १८१५ पासून आणि पुढे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनने जेथे शाळा व छापखान्याचे काम केले, तेच हे शहर. पण बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणे तेथील कुटुंबांना रुचत नव्हते. अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून बाळंतपण व्हावे, पुरुष वैद्याने स्त्रीला पाहू नये, आणि रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, अशी समजूत रूढ होती. सांगतात, की रखमाबाईंनी एक गाभण मेंढी रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका करून दाखविली; मग कोठे सुरतेच्या बायका येऊ लागल्या. कथा लहान आहे, पण तिच्यात त्यांची कार्यपद्धती दिसते. लोकांच्या भीतीची टवाळी न करता ती डोळ्यांदेखत दूर करावी, हे त्यांचे सूत्र होते. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत सेवा केली. आई वाचली तर घर वाचते. त्यामुळे या सेवेचा लाभ एकट्या रुग्णेपुरता राहिला नाही.

१९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी परिधान केली. ज्या विवाहाला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याच्या अंताला त्यांनी असा मान दिला, हे कोडे अभ्यासकांना आजही अस्वस्थ करते. १९१८ मध्ये शासकीय महिला वैद्यकीय सेवेचे पद नाकारून त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. सुरत व राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धतीच्या निर्मूलनाची निकड सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

मिशनने पुस्तके दिली, तेव्हा ती वाचणारी मुलगी आपल्या धर्मात येईल, अशी आशा कदाचित कोणी बाळगली असेल. ती फळाला आली नाही. पण घरात बसून वाचणाऱ्या त्या मुलीने पुढे सुरतेच्या कितीतरी घरांत मायलेकरांचे प्राण राखले. दिलेल्या पुस्तकाची परतफेड अशीही होते.