विश्लेषण : १९५७ मध्ये हादरलेली काँग्रेस यशवंतरावांनी कशी सावरली?

उंब्रज-कराड हा यशवंतराव चव्हाणांचा हक्काचा पट्टा. तरी १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. मुख्यमंत्री असूनही यशवंतराव कराडमधून काठावर निवडून आले.

मग काय बदलले? द्विभाषिक राज्य चालणार नाही, हे त्यांनी दिल्लीला पटवले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीचा मुख्य मुद्दा संपला. कराडचेच शेकाप नेते यशवंतराव मोहिते काँग्रेसमध्ये आले. गरीब विद्यार्थ्यांना फी सवलत, सहकारी साखर कारखान्यांना बळ मिळाले. १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

त्याच वर्षी जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या कार्यकर्त्याला सत्तेची पायरी मिळाली. १९८४ मध्ये यशवंतराव गेले; पक्षाची ही बांधणी मात्र पुढेही टिकली.