पाखरांचा जाणकार : डॉ. सालिम अली

मुंबईच्या खेतवाडीत एक पोरका मुलगा मामांच्या घरी वाढत होता. छर्‍यांच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्याला नाद होता. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणत्या जातीची, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखलीच. शिवाय संस्थेने जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. एक शंका घेऊन गेलेला मुलगा जन्मभराचे वेड घेऊन परतला. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजेच थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

त्यांची पुढील वाट सोपी नव्हती. हाती विद्यापीठाची पदवी नव्हती. जर्मनीत स्ट्रेझमान या पक्षितज्ज्ञाकडे शिकून ते १९३० साली परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची नोकरीही उरली नव्हती. पत्नी तहमीना यांच्यासह ते कोकणातील किहीम येथे राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या जीवनक्रमाचा बारकाईने अभ्यास केला. त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. पक्षी कोठे राहतो, काय खातो, केव्हा घरटे बांधतो, यांच्या नोंदी ते काटेकोरपणे ठेवत.

या नोंदींचे मोल फार मोठे आहे. क्वचित दिसणारा प्रत्येक पक्षी संकटात असतोच असे नाही. तो केवळ लाजाळू असू शकतो. उलट, सर्वत्र दिसणारा पक्षीही वेगाने घटत असू शकतो. म्हणूनच संख्या किती, वावर किती प्रदेशात आणि घट किती वेगाने, हे कळल्याखेरीज आधी कोणाला वाचवावे, हे ठरवता येत नाही.

बराच काळ बेपत्ता मानलेला फिनचा बया सालिम अलींना कुमाऊँच्या तराईत पुन्हा सापडला. मात्र १८७६ नंतर खात्रीने न दिसलेला हिमालयातील डोंगरी लावा त्यांना शोधूनही मिळाला नाही. माळरानावरील माळढोकाची घटती संख्या त्यांना अस्वस्थ करी. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणजे त्याच्याकडे देशाचे लक्ष जाईल, असे त्यांना वाटे. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. आज माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत.

१९८७ साली सालिम अली निवर्तले. त्यांच्या काळात गिधाडे गावोगाव दिसत. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. भरतपूर येथे पूर्वी केलेल्या मोजणीशी नवी मोजणी ताडून पाहता आली, म्हणूनच ही घट स्पष्ट झाली. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

बंदूक घेऊन पाखरांमागे धावणार्‍या मुलाने पुढे दुर्बीण आणि वही हाती घेतली. आपल्याजवळ काय आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच काय हरवत चालले आहे, हे वेळेवर कळते. सालिम अलींच्या आयुष्याने देशाला ही जाण दिली.