महानिरीक्षक डॉ. जेम्स बॅरी

मंडळाच्या चिटणीसांनी यंदा माझ्या नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या. पण माझ्यापेक्षा फार मोठ्या अशा एका लष्करी डॉक्टरची गोष्ट सांगावी असे वाटले.

पुण्याच्या ए.एफ.एम.सी.तून बाहेर पडून मी पहिल्या नेमणुकीवर गेले, तेव्हा जवान मला सिस्टर म्हणत आणि डॉक्टरसाहेब केव्हा येणार असे विचारत. मला राग यायचा. पुढे डॉ. बॅरींचे चरित्र वाचले आणि तो राग अगदीच किरकोळ वाटू लागला.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात 1789 च्या सुमारास मार्गारेट बल्कली नावाची मुलगी जन्मली. वडील कर्जात बुडाले. मामा जेम्स बॅरी हे लंडनचे नावाजलेले चित्रकार. ते 1806 साली वारले. मुलगी हुशार होती, पण त्या काळी ब्रिटनमधल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. 1809 च्या अखेरीस आईसोबत ती जहाजाने एडिंबरोला निघाली, ती मामाचे नाव घेऊन, मुलाच्या वेषात. मार्गारेट पुन्हा कुणाला दिसली नाही.

मराठीत ‘ते’ की ‘त्या’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. पुढची 56 वर्षे ही व्यक्ती पुरुष म्हणूनच जगली, म्हणून मीही यापुढे ‘ते’ म्हणते.

1812 मध्ये बॅरी एम.डी. झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. 1816 मध्ये ते केपटाउनला पोहोचले. तिथे त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्यात सुधारणा घडवली, कैद्यांच्या आणि कुष्ठरोग्यांच्या हालांबद्दल आवाज उठवला, भोंदू औषधविक्रेत्यांना चाप लावला. 1826 साली मुनिक नावाच्या बाईंचे बाळंतपण अडले, तेव्हा बॅरींनी सिझेरियन केले. भुलीचे औषध यायला अजून वीस वर्षे होती. तरी आई आणि बाळ दोघेही वाचले! ब्रिटिश साम्राज्यातल्या अशा पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी ही एक मानली जाते. बाळाचे नाव जेम्स बॅरी मुनिक ठेवले गेले.

स्वभाव मात्र जमदग्नीचा! शाकाहारी, दारूला न शिवणारे बॅरी एकदा द्वंद्वयुद्धालाही उभे राहिले. सेंट हेलेना बेटावर वरिष्ठांशी बिनसले, अटक झाली आणि मायदेशी पाठवणी झाली. क्रिमियन युद्धाच्या काळात त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाही चारचौघांत झापले. पण सैनिकाला स्वच्छ पाणी, स्वच्छ अंथरूण आणि बरे अन्न मिळावे यासाठी ते जमैकापासून माल्टापर्यंत सगळीकडे भांडत राहिले. 1857 मध्ये कॅनडात त्यांची नेमणूक झाली आणि ते लष्करी रुग्णालयांचे महानिरीक्षक झाले. हा हुद्दा ब्रिगेडियर-जनरलच्या तोडीचा मानला जातो. 1859 मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांना निवृत्त केले गेले.

25 जुलै 1865 रोजी लंडनमध्ये आमांशाने त्यांचे निधन झाले. देह न तपासता, अंगावरच्या कपड्यांनिशीच पुरावे अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली नाही. अंत्यविधीची तयारी करणाऱ्या बाईने गुपित फोडले. 2008 मध्ये केपटाउनच्या डॉ. मायकेल डू प्रीझ यांनी जुन्या पत्रांच्या आधारे मार्गारेट आणि बॅरी एकच असल्याचे दाखवून दिले.

बॅरी गेले त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, एलिझाबेथ गॅरेट यांना इंग्लंडमध्ये उघडपणे डॉक्टरकीचा परवाना मिळाला. बॅरींना मात्र सैन्यातली जवळजवळ 46 वर्षे आजारपणातसुद्धा कुणा सहकाऱ्यापुढे निर्धास्त होता आले नसेल. पदाची एवढी किंमत मला कधीच मोजावी लागली नाही.

2004 मध्ये आमच्या ए.एफ.एम.सी.च्याच डॉ. पुनीता अरोरा भारतीय सैन्यदलांतल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या, तेही स्वतःच्या नावाने. ती बातमी ऐकली तेव्हा मला बॅरींचीच आठवण झाली.

आपल्या मंडळातल्या ज्या मुली डॉक्टर व्हायच्या तयारीत आहेत, त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

गणपती बाप्पा मोरया!